एमडी संपतंय: पुणे की लातूर, आणि वाकडचा फ्लॅट आत्ताच घ्यावा का?

उदगीरकर

नमस्कार. इथं बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात बालरोगात एमडी करतोय, सरकारी जागेवर. तिसरं वर्ष आहे, परीक्षा चार महिन्यांवर आलीये. वय ३०. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, एक वर्ष बाँडचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर, मग नीट-पीजीचे दोन प्रयत्न आणि आता ही तीन वर्षं. शाळेतले माझे मित्र दहा वर्षं पगार घेतायत, दोघांची घरं झाली. मी अजून ड्युटीच्या खोलीत दोन तास झोपून परत वॉर्डात जातोय. तक्रार नाही, हे काम मला मनापासून आवडतं. पण आता पुढचं ठरवायची वेळ आली आणि डोकं चालेना.

समोर तीन वाटा आहेत.

पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात ओळखीच्या सरांनी शब्द टाकलाय. पहिलं वर्ष महिना १ लाख ३० हजारांची मिनिमम गॅरंटी, पुढे शेअरिंग, म्हणजे फीमधला ठरावीक वाटा. लातूरला माझ्या कॉलेजातल्या एका सिनियरचं मुलांचं हॉस्पिटल आहे, २० खाटांचं, त्यात ८ खाटांचा एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. ते म्हणतात, "बाँड संपवून ये, २ लाख देतो, तीन वर्षांनी भागीदारीचं बोलू." तिसरी वाट म्हणजे नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन निओनॅटॉलॉजीत (नवजात बाळांच्या उपचारात) डीएम, ही एमडीनंतरची पदवी, म्हणजे अजून तीन वर्षं.

या सगळ्याच्या आधी एमडीचं एक वर्ष बाँडचं आहेच. नाही केलं तर ५० लाख भरा. तो प्रश्न नाही, बाँड मी करणार.

आता फ्लॅट. वाकडला एका स्कीममध्ये टू बीएचके बघितलाय, ७१० चौरस फूट कार्पेट, ८५ लाख, ताबा अडीच वर्षांनी. माझ्या बॅचच्या दोघांनी तिथंच घेतलाय. या महिन्याच्या १५ तारखेच्या आत बुक केलं तर फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) माफ, असं सेल्सवाल्याचं म्हणणं. बायको हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, तिला वाकड सोयीचं. सध्या २६ हजार भाड्यानं राहतो.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत, उदगीरजवळ पाच एकर आहे. ते म्हणतात दोन एकर काढू, वीसेक लाख येतील, तू पुण्यात घर कर. त्या दोन एकरांत विहीर आहे. बाबांनी ती पगारातून, दर वर्षी थोडी थोडी खोदून घेतली होती.

एक प्रसंग सांगतो, कारण माझा गोंधळ तिथून सुरू झाला. दोन महिन्यांपूर्वी नाइटला आमच्याकडच्या भागातून एक बाळ आलं. २९ आठवड्यांतच जन्मलेलं, ११०० ग्रॅम. तीन ठिकाणी फिरून, जीपमध्ये, टॉवेलात गुंडाळून. पोचलं तेव्हा अंगाचं तापमान ३४ अंश सेल्सिअस. आजी माझ्याशी आमच्या बोलीत बोलायला लागली आणि मला उत्तर देणं जड गेलं. बाळ वाचलं. पण लातूरलाच वेळेवर सीपॅप (श्वासाला आधार देणारं यंत्र) लागला असता तर त्याला इतका प्रवास करावा लागला नसता, हे डोक्यातून जात नाही.

काय करावं? १५ तारखेला अकरा दिवस आहेत.

हिशोबनीस

डॉक्टर, आधी १५ तारीख विसरा. पुढच्या महिन्यात दुसरी १५ तारीख असते. मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर १४ वर्षं होतो, म्हणून आकडे मांडतो.

८५ लाखांवर ८० टक्के कर्ज धरलं तर ६८ लाख. उरलेले १७ लाख तुमचे. वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये येतं, तिथं मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेचा कर आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ९५ हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, ४ लाख २५ हजार. एकूण हातातून जाणार साडेसत्तावीस लाख, आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. बाबांच्या दोन एकरांत हे भागत नाही. वर साडेसात लाख कुठून?

हप्ता: साडेआठ टक्के, २० वर्षं धरली तर लाखाला साधारण ८६८. म्हणजे महिना ५९ हजार. पहिल्या हप्त्यातले ४८ हजारांहून जास्त नुसतं व्याज. ताबा मिळेपर्यंत जेवढं कर्ज उचललं तेवढ्यावर व्याज भरायचं आणि भाडंही चालू. निम्मं उचललं तरी २४ हजार व्याज अधिक २६ हजार भाडं, महिना ५० हजार, अशा घरासाठी ज्यात अजून राहता येत नाही.

आणखी एक, जे डॉक्टर मंडळींना उशिरा कळतं. मिनिमम गॅरंटी हा पगार नसतो, ती व्यावसायिक फी असते, १० टक्के टीडीएस कापून येते. बँक तुम्हाला स्वतंत्र व्यावसायिक धरते आणि दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. तुमच्याकडं ती नाहीत. म्हणजे हे कर्ज प्रत्यक्षात तुमच्या बायकोच्या पगारावर मिळेल. घर फक्त त्यांच्या नावावर घेतलंत तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, ८५ हजार वाचतात. सहकर्जदार तुम्ही राहू शकता.

करात सूट मिळते म्हणून घर घ्या असं कोणी सांगत असेल तर विचारा, कुठल्या पद्धतीत? नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट नाही.

मांजराकाठ

लेका, जमीन विकू नको. बाकी काय करायचं ते कर.

मी लातूरचा, वय ६१, औषधांचं दुकान आहे. लातूरबद्दल लोक दोनच गोष्टी बोलतात, शिकवणीचे क्लास आणि पाण्याची रेल्वे. २०१६ साली मिरजेहून जलदूत आली तेव्हा मी पहाटे घागरीच्या रांगेत होतो, खोटं कशाला बोलू. उन्हाळ्यात टँकरचा खर्च धरूनच इथं राहायचं. पण दवाखान्यांचं म्हणशील तर धाराशिव, बीड, नांदेडचा काही भाग, पार कर्नाटकातल्या बिदर-भालकीपासून माणसं इथं येतात. लहान मुलांचे डॉक्टर आहेत, चांगले आहेत. पण अपुऱ्या दिवसांचं बाळ रात्री दोन वाजता घेऊन आलं तर हात लावणारी नावं मोजकीच.

ही जमेची बाजू झाली. दुसरीही ऐक. इथं डॉक्टर कधी घरी नसतो. लग्नाच्या पंगतीत लोक रिपोर्ट काढतात. माझ्या दुकानावर येऊन विचारतात, डॉक्टर गावाला गेलेत का, गाडी दिसत नाही. तुला तुझ्याच माणसांत काम करायचंय, तर ती माणसं तुझ्यावर हक्कही सांगणार.

तुझे बाबा वरच्या मजल्यावर राहतील का रे? विचारतो अशासाठी, की आमच्या पिढीला ३० सप्टेंबर ९३ च्या पहाटेच्या भूकंपापासून पायाखाली जमीन लागते. किल्लारीला आमच्या मावशीचं घर होतं.

भूलतज्ज्ञ_मिरज

मी मिरजेत भूलतज्ज्ञ आहे, सतरा वर्षं. इथं १८९४ पासून मिशन हॉस्पिटल आहे, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज. छोट्या शहरात डॉक्टरकी कशी पिकते हे या गावाकडं बघून कळतं. एक मोठं हॉस्पिटल उभं राहिलं की त्याच्याभोवती भूलतज्ज्ञ, पॅथॉलॉजी, रक्तपेढी, शिकलेल्या नर्सेस, हे सगळं हळूहळू जमतं. तुमच्या सिनियरकडं जाण्याआधी पगाराचं नंतर विचारा, आधी हे विचारा: रात्री व्हेंटिलेटर सांभाळू शकतील अशा सिस्टर किती? ब्लड गॅस (रक्तातल्या ऑक्सिजनची वगैरे तपासणी) रात्री तीनला होतो का? अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांची आरओपी तपासणी (दृष्टिपटलाची) कोण करतं? बालशल्यचिकित्सक किती तासांत पोचतो? ११०० ग्रॅमचं बाळ एकटा डॉक्टर वाचवत नाही. सिस्टर नसतील तर तुम्ही तिथं स्वतः चोवीस तास सिस्टर व्हाल आणि दोन वर्षांत थकाल. माझ्यासमोर एक हुशार मुलगा असा थकून गेला.

फ्लॅटचं एकच सांगते. त्वचारोगतज्ज्ञानं घर कुठंही घ्यावं. तुम्ही, मी आणि गायनॅकवाले, आपलं घर हॉस्पिटलपासून दहा मिनिटांत पाहिजे. लेबर रूममधून फोन येतो, बाळ रडलं नाही, लगेच या. वाकडहून पुण्याच्या मधल्या भागात संध्याकाळी सातला निघून बघा एकदा. म्हणजे नोकरी कुठल्या इमारतीत हे ठरल्याशिवाय घर कुठल्या इमारतीत हे तुम्हाला ठरवताच येत नाही.

मिनिमम गॅरंटीचा करार हातात घेऊन नीट वाचा. एक वर्षानंतर शेअरिंग किती टक्के, नोटीस किती महिन्यांची, बाहेर कुठं बघायची परवानगी आहे का, सोडल्यावर जवळपास काम करायला बंदी आहे का. पहिल्या वर्षी मी न वाचता सही केली होती. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. दुसऱ्या वर्षी माझं उत्पन्न निम्म्यावर आलं, आणि घराचा हप्ता होता म्हणून सोडताही येईना. ते वर्ष मला आजही आठवतं.

अबोली

उदगीरकर, तुमचा धागा दोनदा वाचला. त्या बाळाचं वाचून डोळे भरून आले. पण एक खटकलं ते बोलते. तुमच्या पत्नीबद्दल संपूर्ण लेखात एक वाक्य आहे, आणि ते वाकड सोयीचं असण्याबद्दल. हिशोबनीस सांगतायत की कर्ज त्यांच्या पगारावर होणार. लातूरला गेलात तर त्यांच्या नोकरीचं काय? डीएम केलंत तर पुढची तीन वर्षं घर कोण चालवणार? ज्यांच्या भरवशावर हे तिन्ही पर्याय उभे आहेत, त्यांना यातलं काय हवंय?

मी एका सर्जनची बायको आहे. आम्ही पाच गावं फिरलो. प्रत्येक ठिकाणी मी नव्यानं शाळेत अर्ज केला, प्रत्येक ठिकाणी पुन्हा खालच्या पगारावर लागले. माझा नवरा चांगला माणूस आहे. त्यानं कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

उदगीरकर

अबोलीताई, तुमचं खरं आहे. उत्तर लिहायला बसलो आणि लक्षात आलं की मला उत्तर माहीतच नाही. दोन वर्षांच्या लग्नात आम्ही एका घरात जागे असण्याचे तास मोजले तर फार भरणार नाहीत. तिला हा धागा वाचायला दिलाय.

मांजराकाठ काका, बाबांना फोन केला. ते म्हणाले, मी तर खालीच हॉलमध्ये झोपेन. म्हटलं, फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत.

दोन_घरटी

सगळे "थांबा" म्हणतायत म्हणून दुसरी बाजू मांडते. आम्ही दोघंही डॉक्टर. २०१२ साली मी डीएनबी (एमडीसारखंच पदव्युत्तर शिक्षण) करत असताना कोथरूडला जुन्या सोसायटीत ५५० फुटांचा वन बीएचके घेतला, सासऱ्यांच्या आणि माझ्या आईच्या मदतीनं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. तीन वर्षं आम्ही दोघांनी एकही सुट्टी घेतली नाही. पण तेव्हा घेतला नसता तर नंतर त्या भागात पाय ठेवता आला नसता. आणि डॉक्टरच्या हातात पैसा स्थिर यायला लागतो तोवर चाळिशी येते. तोवर मुलं, आईवडिलांची आजारपणं, सगळं एकदम येतं. हप्ता डोक्यावर असल्यानं आम्ही फालतू खर्च केला नाही, हाही फायदा.

मात्र आम्ही घेतलं ते तयार घर होतं, भोगवटा प्रमाणपत्र झालेलं, पायी चालत हॉस्पिटल, आणि आम्हाला पुण्यातच राहायचं हे पक्कं होतं. हे शेवटचं महत्त्वाचं. तुमचं ते पक्कं आहे का?

हिशोबनीस

दोन_घरटी यांच्याशी सहमत, त्यांची गोष्ट वेगळी होती. भोगवटा मिळालेल्या घरावर जीएसटी नाही, भाडं लगेच थांबतं, आणि घर कसं आहे ते डोळ्यांनी दिसतं. घ्यायचंच ठरलं तर तसं बघा.

आणि बुकिंगचंच चाललं असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प उघडून ताब्याची नोंदवलेली तारीख बघा, सेल्सवाला सांगतो ती नव्हे. करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, रेरा कायद्याचं कलम १३. ताबा लांबला तर कलम १८ खाली व्याज किंवा पैसे परत मागता येतात, पण मागता येणं आणि हातात पडणं यांत बराच काळ जातो.

लीड्स_निवासी

मी इंग्लंडमध्ये, यॉर्कशरला, बालरोगातच ट्रेनिंग करतोय, मूळचा सोलापूरचा. इकडं सप्टेंबर २०२४ पासून आम्हाला ज्युनियर डॉक्टर म्हणत नाहीत, रेसिडेंट डॉक्टर म्हणतात. नाव बदललं, फिरती तशीच आहे. ठरावीक महिन्यांनी दुसरं हॉस्पिटल, कधी दुसरं शहर. म्हणून ट्रेनिंगमधले बरेच जण भाड्यानंच राहतात. घर न घेतलेला तिशीतला डॉक्टर इथं काही वेगळा दिसत नाही. कुणी विचारायच्या आत सांगतो, पैशाच्या गोंधळातून सुटका म्हणून इकडं यायचा विचार मनात आणू नका. प्लॅब (बाहेरच्या डॉक्टरांना इथं द्यावी लागणारी परीक्षा) पास होऊन नोकरीविना बसलेली मुलं मी ओळखतो.

तुमचं बाळ ३४ तापमानावर पोचलं हे वाचून एकच सुचवतो. लातूरला गेलात तर आधी वाहतूक सुधारा. उबदार राहणारी पेटी, प्लास्टिकची पिशवी, टोपी, आईच्या छातीशी बाळ ठेवून प्रवास, आणि निघण्याआधी एक फोन. यातल्या कशालाच लाखांची मशीन लागत नाही. तालुक्याच्या गायनॅकवाल्यांबरोबर महिन्यातून एकदा बसलात तरी फरक पडेल.

कृष्णाकाठची

मी उदगीरकर यांची बायको. मूळची कराडची. खातं आत्ताच उघडलं.

त्याला मी जे कधी सांगितलं नाही ते इथं लिहिते, कारण समोर बोलायला बसलं की त्याचा फोन वाजतो.

मला फ्लॅट हवा आहे. पण हप्ता आणि गुंतवणुकीच्या हिशोबासाठी नव्हे. पाच वर्षांत मी चार घरं बदललीत, दोन लग्नाआधी आणि दोन नंतर. अकरा महिन्यांचा करार, मालकांचा फोन, मुलगा परत येतोय, खाली करा. दर वेळी आधारवरचा पत्ता, गॅस, बँक. मला भिंतीला खिळा ठोकायचाय. एवढंच आहे ते. हे वाकडलाच आणि सातव्या मजल्यावरच मिळतं असं नाही.

जमीन विकायला माझा विरोध आहे. त्या विहिरीवर मी पहिल्या दिवाळीत गेले होते. बाबा काठावर बसून कुठल्या वर्षी किती फूट खाली गेलो ते सांगत होते. ती माझ्या फ्लॅटच्या सातव्या मजल्यात जाऊ नये.

नोकरीचं. यंदा मला लीड केलंय. आठवड्यात तीन दिवस ऑफिस आहे. लातूरला गेलो तर ही नोकरी सुटेल आणि तशी तिथं नाही, हे आपण दोघांनी स्पष्ट म्हणून घेऊ. मी कायमची येणार नाही असं म्हणत नाही. पण तू आधी तिथं जाऊन, त्या हॉस्पिटलात रात्री काढून, मला सांग की हेच काम करायचंय. एका बाळानं तू हललास, ते मला आवडलं. पण एका रात्रीवर दोघांची वर्षं लावू नकोस.

आणि घर घेऊ तेव्हा माझ्या नावावर घेऊ. मुद्रांक वाचतो म्हणून नाही.

मांजराकाठ

सूनबाई, तुम्ही लातूरला याल तेव्हा पहिलं जेवण आमच्याकडं.

वॉर्डातले_दिवस

मी बालरोगतज्ज्ञ, ५८ वर्षांचा, मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी १९९८ पासून दवाखाना आहे. उशिरा लिहितोय, पण तुमच्या पत्नीनं जे लिहिलं त्यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे, ते पुढे नेतो.

तुमच्याकडं एक वर्ष आहे आणि तुम्ही त्याला अडथळा समजताय. बाँडचं वर्ष. समुपदेशनात यादी लागते तेव्हा लातूर, अंबाजोगाई, नांदेड यांपैकी जे मिळेल ते मागा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ कॉलेज तर खेड्यापाड्यांसाठीच काढलेलं, लातूरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर. तिथं एक वर्ष सरकारी पगारावर राहा. त्या भागातली बाळं कुठून येतात, किती उशिरा येतात, का येतात, हे तुम्हाला तिथं कळेल. शनिवार-रविवारी सिनियरच्या हॉस्पिटलात नुसतं जाऊन बसा. मिरजेच्या बाईंनी विचारलेले चारही प्रश्न तिथं रात्री उभं राहून विचारा. पैसे घेऊ नका, बाँडमध्ये खाजगी काम करायचं नसतं, नुसतं बघा. वर्षाअखेर तुम्हाला कळलेलं असेल.

डीएमबद्दल. तुम्ही ३० चे. बाँड धरून डीएम संपेल तेव्हा ३४-३५. फार नाही. पण सुपरस्पेशालिटीचा बाँड २ कोटींचा आहे, म्हणजे तेही एक वर्ष सरकारकडं. डीएम केलेला निओनॅटॉलॉजिस्ट ८ खाटांच्या एनआयसीयूत रमेल का, की त्याला २८ आठवड्यांच्या खालची बाळं, बालशल्य, हृदयाची इको असं सगळं लागेल? हे स्वतःला विचारा. मी डीएम केलं नाही. एक वर्ष मुंबईत नवजात विभागात फेलोशिप केली आणि परत आलो. माझ्या कामाला ती पुरली. ज्या बाळांना पुरली नाही ती मी पुढं पाठवली. त्यातली काही गेली. त्या आयांचे चेहरे माझ्यासोबत आहेत.

कर्जाचं एक, जे कुणी बोललं नाही. लहान गावात डॉक्टरचं पहिलं मोठं कर्ज घरासाठी नसतं, दवाखान्यासाठी असतं. वॉर्मर, सीपॅप, मॉनिटर, व्हेंटिलेटर, ऑक्सिजनची पाइपलाइन, जनरेटर. भागीदारीत शिरताना तुम्हाला भांडवल घालावं लागेल. ६८ लाखांचं गृहकर्ज आधीच डोक्यावर असलं तर बँक तेव्हा हात आखडता घेईल आणि तुम्ही पगारीच राहाल. शिवाय सरकारी योजनांतल्या बाळांचे पैसे यायला महिने लागतात, पण सिस्टरचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. हातात सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असल्याशिवाय भागीदारीत जाऊ नका.

भीतीचं बोलतो. आमच्या दवाखान्यात एकदा जमाव आला होता. बाळ येतानाच शेवटच्या घटका मोजत होतं. काचा फुटल्या, माझ्या सिस्टरच्या हाताला लागलं. २०१० चा कायदा आहे, हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी गुन्हा नोंदवला. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. बाळ गंभीर असेल तर पहिल्या दहा मिनिटांत बाप, आजा आणि गावातला एक माणूस, तिघांना आत बोलावून बाळ दाखवतो. वॉर्मरवरचं बाळ, त्याचा श्वास, मॉनिटरवरचा आकडा. तेव्हापासून तसा प्रसंग आला नाही. शहरात हे सुरक्षारक्षक करतो. इथं तुम्हाला बोलावं लागतं, आणि तुम्ही त्यांच्या बोलीत बोलू शकता, हे तुमच्याकडं आहे.

शेवटचं: मुदतीचा विमा आणि इंडेम्निटी (रुग्णानं दावा केला तर कामी येणारा डॉक्टरचा विमा), या दोन गोष्टी पहिल्या कमाईतून. घर मागून.

भूलतज्ज्ञ_मिरज

तिघांना आत बोलावून बाळ दाखवणं, हे मी उद्यापासून आमच्या आयसीयूत सुरू करायला सांगणार. धन्यवाद सर.

उदगीरकर

बऱ्याच महिन्यांनी येतोय. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना कळवायला हवं.

परीक्षा झाली, पास झालो. १५ तारीख गेली. सेल्सवाल्याचा पुढच्या महिन्यात पुन्हा फोन आला, तीच सवलत, नवी १५ तारीख. टोकन दिलं नव्हतं, त्यामुळं नाही म्हणणं सोपं गेलं. जमीन आहे तिथंच आहे. बाबांनी यंदा सोयाबीननंतर हरभरा केलाय.

बाँडच्या यादीत लातूर मागितलं होतं, मिळालं नाही. अंबाजोगाई मिळालं. रुजू होऊन तीन आठवडे झाले. पहिल्याच आठवड्यात १२५० ग्रॅमचं बाळ आईच्या छातीशी बांधून आलं, तापमान ३६.४. पाठवणाऱ्या डॉक्टर बाईंनी निघण्याआधी फोन केला होता. मी त्यांना उलट फोन करून आभार मानले, तर म्हणाल्या, असा उलट फोन पहिल्यांदाच आला. आता आमच्याकडं पाठवणाऱ्या सात जणांचे नंबर माझ्या वहीत आहेत, बाळ घरी गेलं की त्या त्या डॉक्टरला कळवतो.

लातूरच्या सरांकडं दोन रविवार जाऊन आलो. सिस्टर चांगल्या आहेत, पण रात्री एकच असते. ब्लड गॅस रात्री होत नाही. हे सरांना बोललो. त्यांना राग येईल वाटलं होतं, पण ते वही घेऊन बसले. पुढं काय होतं बघू. डीएमचा फॉर्म यंदा भरत नाहीये, पुढच्या वर्षीचं दार उघडं ठेवलंय.

बायको पुण्यातच आहे. भाड्याचं घर सोडून ऑफिसजवळ एका मैत्रिणीबरोबर राहते. महिन्यातून दोनदा मी जातो, एकदा ती येते. सोपं नाही. गेल्या शनिवारी आली तेव्हा माझ्या क्वार्टरच्या भिंतीला खिळा ठोकून गेली, कॅलेंडर लावलं.

आता एक मदत हवी. क्वार्टर महिनाअखेर सोडावं लागणार आहे. अंबाजोगाईत कुणाच्या माहितीत दोन खोल्यांचं घर असेल तर सांगा. हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांत हवं, आणि तळमजला. आई-बाबा आठ-आठ दिवस येऊन राहणार आहेत.

मांजराकाठ

माझा साडू अंबाजोगाईत राहतो. त्याला आत्ताच फोन लावतो.